सावित्रीच्या उगमापर्यंत



पावसाळ्यात उगाच प्रवास करू नये, असे आपले वडीलधारे सांगतात. हे सांगणे आजचे नाही. महाड गावाजवळ, मुंबई–गोवा महामार्गालगतच्या डोंगरात गांधारपाले येथे प्राचीन बौद्ध लेणी आहेत. बौद्ध भिक्षू वर्षभर गावोगाव हिंडत असत. पण पावसाळ्याचे तीन महिने ते एकाच जागी मुक्काम करीत. या मुक्कामाला 'वर्षावास' म्हणतात. हिंदू साधूंचा चातुर्मासही असाच पावसाळ्यात येतो. दळणवळणाची साधने नव्हती, नद्यांना पूल नव्हते, म्हणून शहाण्या माणसांनी असे नियम केले.

तरीही आज मी तुम्हांला भर पावसाळ्यात एका तीर्थक्षेत्री नेणार आहे. उन्हाळ्यात हा प्रवास सोपा असतो. पण तेव्हा सावित्री नदी खडकांतून बारीक धारेने वाहते. आपल्याला नदी पाहायची आहे. ती पावसाळ्यातच पाहिली पाहिजे.

प्रवासाची सुरुवात महाडपासून करू. महाड हे सावित्रीच्या काठावरचे जुने बाजाराचे गाव. पूर्वी खाडीतून येथवर मालाची गलबते येत. वीरेश्वर हे येथील ग्रामदैवत. महाशिवरात्रीच्या सुमारास त्याचा छबिना निघतो आणि आसपासच्या गावांहून पालख्या येतात. गावात मशिदी आहेत, मोहल्ले आहेत. बाजारपेठेत सर्व जातिधर्मांच्या माणसांची दुकाने शेजारी शेजारी आहेत. पाणी भरते तेव्हा सर्वांचीच दुकाने एकदम भरतात.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर चवदार तळ्यापाशी थोडे थांबू. 'चवदार' म्हणजे ज्याला चांगली चव आहे असे. तुमच्या भाषेत लज्जतदार. हे तळे सार्वजनिक होते. गुरे त्याचे पाणी पीत. परंतु अस्पृश्य मानलेल्या माणसांना ते पिण्याची बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह या तळ्यावर आले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये येथे दुसरी परिषद भरली. त्या वेळी बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' या बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तेथून महाडपर्यंत चालत आले. परिषदेला गावात जागा मिळेना. तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. तळ्याचा खटला पुढे अनेक वर्षे चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला, की हे पाणी सर्वांचे आहे. पावसाळ्यात तळे काठोकाठ भरते. पायऱ्यांवर उभे राहिल्यावर माझ्या मनात येते, ज्या गावात ओंजळभर पाण्यासाठी माणसांना एवढे झगडावे लागले, त्याच गावावर दर पावसाळ्यात पाणी न मागता चाल करून येते.

ते कोठून येते? लहानपणी मला वाटे, आपल्या कौलांवर जो पाऊस पडतो, त्याचाच पूर होतो. आमच्या दादीला मात्र ठाऊक होते. गावात ऊन पडले असले तरी ती दारात उभी राहून पूर्वेकडे पाही. घाटावर काळेभोर ढग असले, की आम्हांला हाक मारी, "पोरांनो, तांदळाची पोती माळ्यावर चढवा." आम्ही हसत असू. आकाश तर स्वच्छ आहे! पण चार-सहा तासांनी नदीचा रंग तांबडा होई आणि पाणी गल्लीच्या तोंडाशी येई. दादी शाळेत गेली नव्हती. तिने नदीचा उगमही पाहिला नव्हता. ती फक्त डोंगराकडे पाहायला शिकली होती.

चला, एस. टी. मध्ये बसू. पोलादपूरच्या रस्त्यावर सावित्रीचा पूल लागतो. हा पूल नवा आहे. तो जून २०१७ मध्ये सुरू झाला. पूर्वी येथे इंग्रजांच्या काळातील दगडी पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री नदीला महापूर आला आणि तो पूल वाहून गेला. अंधारात कोणालाच कळले नाही. दोन एस. टी. बस आणि एक मोटार पुरात नाहीशी झाली. आजही या पुलावर गाडी आली, की प्रवाशांचे बोलणे थांबते. खिडकीजवळचे लोक खाली पाहतात.

पोलादपूर लहान आहे. 'शिवभारत' हे संस्कृत काव्य लिहिणारे कवींद्र परमानंद यांची समाधी येथे आहे. तानाजी मालुसरे यांचे उमरठ गावही याच तालुक्यात आहे. येथून मुख्य महामार्ग खेडकडे जातो. आपण डावीकडे वळायचे. हा रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जातो. अंतर सुमारे ४० किलोमीटर.

'घाट' या शब्दाने गोंधळू नका. उर्दूत घाट म्हणजे नदीचा काठ, जेथे माणसे पाण्यात उतरतात. मराठीत तो अर्थ आहेच. शिवाय डोंगर चढून जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यालाही घाट म्हणतात. असाच दुसरा शब्द 'दर्या'. तुमचा दरिया म्हणजे नदी. मराठीत दर्या म्हणजे समुद्र! कोकणातला माणूस "दर्याला उधाण आले" म्हणतो, तेव्हा तो नदीबद्दल बोलत नसतो. हा फरक लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

घाटाच्या पायथ्याशी शेतांत भाताची लावणी चाललेली असते. कोणाच्या पाठीवर इरले, कोणाच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. जसजसे वर जावे तसतसे शेत मागे पडते आणि झाडी दाट होते. वळणावळणावर धबधबे दिसतात. काही तर रस्त्यावरच कोसळतात. प्रतापगड जवळ आला, असे कंडक्टर सांगतो. पण ढगांमुळे गड दिसत नाही. रस्त्याच्या कडेला दगडमातीचे ढीग दिसले, तर समजावे की येथे दरड कोसळली होती. घाट बंद असल्याची सूचना असेल, तर पुढे जाण्याचा हट्ट मुळीच करू नये. मी स्वतः एकदा पोलादपूरच्या स्टँडवरून परत फिरले आहे. वाईट वाटले, पण चहा पिऊन घरी आले.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंच आहे. पर्यटकांचे बाजाराचे गाव वेगळे आणि देवस्थानाचे 'क्षेत्र महाबळेश्वर' वेगळे. त्यांच्यामध्ये पाच-सहा किलोमीटरचे अंतर आहे. आपल्याला क्षेत्रात जायचे आहे. उन्हाळ्यात येथे पाय ठेवायला जागा नसते. जुलैमध्ये मात्र निम्मी दुकाने बंद. दगडी भिंतींवर हिरवे शेवाळ. दहा पावलांवरचा माणूस धुक्यात दिसत नाही, फक्त छत्रीवर पडणाऱ्या पावसाचा आवाज ऐकू येतो. येथे महाबळेश्वराचे, म्हणजे शंकराचे, जुने मंदिर आहे. ६ जानेवारी १६६५ रोजी शिवाजी महाराजांनी याच क्षेत्रात आपल्या आई जिजाबाई यांची सुवर्णतुला केली. तुला म्हणजे तराजू. त्यांच्या वजनाइतके सोने दान केले.

जवळच पंचगंगा मंदिर आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे पाणी येथे एकत्र येते, अशी श्रद्धा आहे. दगडात कोरलेल्या गाईच्या मुखातून पाणी कुंडात पडत असते. सावित्री देवी रागावली, तिने शाप दिला आणि देवांच्या नद्या झाल्या, अशी कथा भाविक सांगतात.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेरच घुटमळत होते. दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळी जाताना माणसाने विचारून जावे. चपला काढून मी दाराशी उभी राहिले आणि तेथील वृद्ध गुरवांना विचारले, "काका, आत येऊन पाहिले तर चालेल का?"

"या ना, बाई. पाय जपून टाका, फरशी निसरडी आहे," ते म्हणाले. मग विचारले, "कुठून आलात?"

"महाडहून."

ते एकदम गंभीर झाले. "महाडहून? मग काल रात्रीचं इथलं पाणी तुमच्याकडेच गेलं असणार. पूर नाही ना आला?"

मी चकित झाले. मी मंदिर पाहायला आले होते आणि ते माझ्या गल्लीची चौकशी करीत होते. दादी ज्या डोंगराकडे पाहत असे, त्या डोंगरावर बसून हे गृहस्थ खाली आमच्याकडे पाहत होते.

ते आपल्याला पश्चिमेच्या कड्याकडे बोट करून सांगतात, की सावित्री तिकडून खाली उतरते. भूगोलाच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची आहे. कृष्णा पूर्वेकडे निघते. वाई, पुढे कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश असा सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करून ती बंगालच्या उपसागराला मिळते. तिला घाई नसते. सावित्री पश्चिमेला उडी घेते. हजार मीटरहून अधिक उंची ती थोड्याच अंतरात उतरते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते. एकाच पठारावर पडलेल्या पावसाच्या एका थेंबाला समुद्र गाठायला कित्येक दिवस लागतात. दुसरा काही तासांत महाडच्या पुलाखाली हजर!

२०२१ साली काय झाले, ते आता तुम्हांला नीट समजेल. त्या वर्षी २० जुलैला आषाढी एकादशी होती. २१ जुलैला बकरी ईद होती. २२ जुलैला पाऊस थांबेना. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. हा आकडा पाठ करू नका, त्याचा हिशेब करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. आपला वर्ग सहा मीटर लांब व पाच मीटर रुंद धरला, तर क्षेत्रफळ ३० चौरस मीटर. ३० गुणिले ५९४ म्हणजे १७,८२० लिटर. दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर, फक्त एका वर्गाएवढ्या जागेवर, एका दिवसात. मग सगळ्या डोंगरावर किती?

ते पाणी खाली आले. महाडच्या परिसरात सावित्रीला काळ आणि गांधारी या नद्याही मिळतात. त्या रायगडाच्या बाजूचे पाणी आणतात. म्हणजे तिन्ही नद्या एकाच वेळी भरल्या. आणि पुढे दर्या! पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास समुद्राला मोठी भरती येते, तेच उधाण. भरतीचे पाणी खाडीतून वर चढते आणि नदीच्या पाण्याला समुद्रात जाऊ देत नाही. बकरी ईद जिल्हेज महिन्याच्या दहा तारखेला असते, हे तुम्ही जाणता. म्हणजे पूर आला तेव्हा चंद्राची अकरा-बारा तारीख होती आणि चौदावीचा चंद्र दोन दिवसांवर आला होता. डोंगराचे पाणी आणि दर्याचे पाणी यांच्यामध्ये महाड सापडले. बाजारपेठेतील कितीतरी इमारतींचा तळमजला बुडाला. वीज गेली, फोन बंद पडले, लोकांनी वरच्या मजल्यावर व छपरांवर रात्र काढली. घाटरस्ता अनेक ठिकाणी तुटला. त्याच २२ तारखेला महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर असाच प्रसंग आला होता.

पुरानंतर आमच्या गल्लीत गुडघाभर चिखल होता. कोणी कोणाच्या घरातला चिखल काढला, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. कुर्बानीच्या ईदचे कपडे अजून दोरीवर वाळत होते, तेही चिखलात गेले. दादी तेव्हा हयात नव्हती. पण माळ्यावर चढवलेले तांदूळ तेवढे कोरडे राहिले होते, कारण त्या दिवशी संध्याकाळी माझ्या आईने पूर्वेकडे पाहिले होते.

तेव्हापासून आमच्या वर्गात जून ते सप्टेंबर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज दोन आकडे लिहितात. पहिला, महाबळेश्वरला काल किती मिलिमीटर पाऊस झाला. दुसरा, आज चंद्राची कितवी तारीख आहे. पहिला आकडा वर्तमानपत्रातून किंवा हवामान खात्याच्या बातमीतून मिळतो. दुसरा घरातल्या कॅलेंडरवरून. ज्याची पाळी असेल तो विद्यार्थी शाळेत आल्याबरोबर ते लिहितो. दोन्ही आकडे मोठे दिसले, की नदीकाठच्या घरांतील मुले दप्तर आवरून मधल्या सुट्टीतच मला विचारू लागतात, "बाई, आज लवकर सोडणार ना?"

स्वाध्याय

१. गावात ऊन असतानाही दादी तांदूळ माळ्यावर का चढवायला सांगत असे?
२. 'घाट' व 'दर्या' या शब्दांचे मराठी व उर्दू अर्थ सांगून प्रत्येकी एक वाक्य तयार करा.
३. तुमच्या वर्गाची लांबी-रुंदी मोजा. १०० मिलिमीटर पावसात तेवढ्या जागेवर किती लिटर पाणी पडेल?
४. तुमच्या मोहल्ल्यात पुराचे पाणी आजवर कोठपर्यंत आले होते, ते वडीलधाऱ्यांना विचारा. त्या जागी खूण करा व तिच्याविषयी पाच वाक्ये मराठीत लिहा.