रुग्णालयातील रुग्ण आणि जीवनसत्त्वांची कमतरता

प्रश्न : रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाला जीवनसत्त्वे कमी पडतात का? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : पडू शकतात. ही कमतरता बहुधा घरूनच येते आणि आजारपणात वाढते. उदाहरणार्थ, बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास स्थलांतर करतात. फडावरच्या त्या महिन्यांत भाकरीसोबत भाजी, फळे, दूध यांची वाण पडते. पुढे ताप, उलट्या, जुलाब किंवा शस्त्रक्रियेमुळे अन्न बंद होते, तेव्हा उरलासुरला साठाही संपतो.

ब-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. फार दिवस उपाशी असलेल्या किंवा मद्यपी रुग्णाला ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन चालू राहिले, तर मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. गोंधळलेपणा, डोळ्यांच्या हालचालीतील दोष आणि झोकांड्या ही त्याची लक्षणे. ब-१२चा यकृतातील साठा काही वर्षे पुरतो. मात्र कायम शाकाहारी असलेल्यांत आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत तो घटतो. हातापायांना मुंग्या येणे, रक्तक्षय ही त्याची चिन्हे. क जीवनसत्त्व कमी असल्यास जखम उशिरा भरते. दीर्घकाळ प्रतिजैविके घेणाऱ्या, न जेवणाऱ्या रुग्णात के जीवनसत्त्व घटून रक्तस्राव वाढू शकतो.

म्हणून दाखल होतानाच वजनातील घट, आधीचा आहार, व्यसन आणि चालू औषधे डॉक्टरांना सांगावीत. डॉक्टरांची मनाई नसेल तर रुग्णाला डाळ, अंडे, दूध, पेरू, लिंबू द्यावे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.