स्वस्त वीज रात्री नाही, दिवसा! टीओडी मीटरवर आपले तास कसे शोधायचे



मागच्या महिन्यात सिंदी मेघेहून एका ताईंचा फोन आला. घरून मसाले करतात. तिखट, हळद, धणेपूड, काळा मसाला. बोलता बोलता म्हणाल्या, "सर, मशीन मी तं रोज रात्री दहानंतरच लावते. रात्री लाइन स्वस्त असते ना?"

मी विचारलं, "ताई, तसं तुमच्या बिलावर लिहिलंय का?"

थोडा वेळ पलीकडे शांतता. मग उत्तर आलं, "बिल तं आमचे हे भरतात."

त्या दिवशी आम्ही फोनवरच बिल उघडून बसलो. घरी टीओडी मीटर बसून सहा महिने झाले होते. ताई सहा महिने रात्री साडेबारापर्यंत जागत होत्या, शेजाऱ्यांची कुरकुर ऐकत होत्या आणि पहाटे साडेपाचला पुन्हा उठत होत्या. आणि स्वस्त वीज होती सकाळी ९ ते संध्याकाळी ५!

म्हणून आजचा धडा या विषयावर. व्हिडिओत मी पाटीवर हिशेब करून दाखवला आहे. इथे तोच सावकाश लिहून देतो, म्हणजे वही-पेन घेऊन तुम्हाला सोबत करता येईल.

"रात्री स्वस्त" हे डोक्यात आलं कुठून?

ताईंची चूक नव्हती. ही गोष्ट कित्येक वर्षं खरी होती, फक्त घरासाठी नव्हे, कारखान्यांसाठी. महावितरणच्या औद्योगिक ग्राहकांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत मिळायची आणि संध्याकाळी ६ ते १० या वेळेत १ रुपया १० पैसे जादा लागायचे. एमआयडीसीत काम करणाऱ्या कुणाकडून तरी आपण हे ऐकलेलं असतं, आणि तेच घरात लागू करून टाकतो.

त्यामागचं कारणही सोपं होतं. कोराडी असो की चंद्रपूर, कोळशावरचं केंद्र रोज रात्री बंद करून सकाळी चालू करता येत नाही. भट्टी पेटती ठेवावीच लागते. रात्री मागणी कमी, वीज मात्र तयार होतच असते. मग सवलत देऊन ती खपवायची. इंग्लंडमध्ये १९७८ पासून "इकॉनॉमी सेव्हन" नावाचा घरगुती दर आहे, त्यात रात्रीचे सात तास स्वस्त. जगभर हाच रिवाज होता.

आता मध्ये सूर्य आला. सौर प्रकल्प वाढले, तशी भर दुपारी वीज मुबलक आणि स्वस्त झाली. ताण येतो तो सूर्य मावळल्यावर, जेव्हा घराघरात दिवे, टीव्ही, पंखे, कूलर एकदम सुरू होतात. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हा बदल वेगळा सांगायला नको. रात्रीच्या लाइनवर, सापा-विंचवाच्या भीतीत ओलित करणारा शेतकरी आपण पाहिला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूच त्याला दिवसा वीज देण्याचा आहे.

दरही त्याच दिशेने वळले. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सांगितलं की, सूर्य असतानाच्या तासांचा दर नेहमीपेक्षा कमी ठेवा. महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत सुरू झाली. टप्प्याटप्प्याने वाढणारी, युनिटमागे ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत. फ्रान्समध्येही नोव्हेंबर २०२५ पासून स्वस्त तासांतले काही तास रात्रीतून दुपारकडे सरकवायला सुरुवात झाली.

थोडक्यात, उलटं झालं आहे. आपल्या सवयी मात्र जुन्याच आहेत.

पायरी १ : आधी बिल वाचा

टीओडी म्हणजे "टाइम ऑफ डे". हा मीटर फक्त किती वीज वापरली एवढंच नाही, तर *केव्हा* वापरली तेही नोंदवतो. साध्या मीटरला वेळ कळत नाही. त्यामुळे साधा मीटर असेल, तर दिवसा चालवा की रात्री, सवलत शून्य.

मीटर टीओडी असेल तर बिलावर वेळेनुसार युनिटची विभागणी आणि सवलतीची रक्कम दिसते. महावितरणच्या मोबाइल ॲपवरही वापर पाहता येतो. बिलावर जो दर आणि जे तास छापले आहेत, तेच धरायचे. दर बदलत राहतात, म्हणून माझा व्हिडिओ पाहून नाही, ताजं बिल पाहून हिशेब करायचा. आणि बिल घरात कोणीही भरो, धंदा तुमचा आहे तर ते तुम्ही वाचलंच पाहिजे.

पायरी २ : सात दिवस, दोन रीडिंग

एक वही घ्या. रोज सकाळी ९ वाजता आणि संध्याकाळी ५ वाजता मीटरचं रीडिंग लिहा. बस, दोनच आकडे.

९ ते ५ मधला फरक म्हणजे तुमचा स्वस्त वेळेतला वापर. ५ पासून दुसऱ्या दिवशी ९ पर्यंतचा फरक म्हणजे बाकीचा.

आता तुलना कशाशी करायची? दिवसाचे २४ तास, त्यातले ८ तास स्वस्त, म्हणजे एक तृतीयांश. फ्रिजसारखी सतत चालू असलेली वस्तू साधारण तेवढा वापर आपोआपच या वेळेत करते. तुम्ही घरून धंदा करता आणि तरी ९ ते ५ चा वाटा एक तृतीयांशाच्या आसपासच असेल, तर समजायचं की धंद्याचं काम चुकीच्या वेळी होतंय.

पायरी ३ : तीन याद्या

घरातली प्रत्येक विजेची वस्तू या तीनपैकी एका यादीत टाका.

*हलणारी कामं.* मसाल्याची मशीन, घरगुती आटाचक्की, कपड्यांना इस्त्री, वॉशिंग मशीन, टाकीत पाणी चढवायचा पंप, पापड-कुरडयांचा ड्रायर. यांना वेळेचं बंधन नाही. ही सगळी ९ ते ५ मध्ये आणा.

*न हलणारी कामं.* संध्याकाळचे दिवे, मुलांच्या शाळेआधीचा गिझर, रात्रीचा कूलर. यांना हात लावू नका. मे महिन्यात वर्ध्याच्या उकाड्यात रात्रीचा कूलर बंद करून पैसे वाचवायचे नसतात. घरातले म्हातारे आणि लेकरं आधी, बिल नंतर.

*अर्धी हलणारी कामं.* इथे डोकं लावावं लागतं. समजा तुम्ही सकाळी इडली-डोशाचं पीठ विकता. हिवाळ्यात दुपारी ४ ला दळलं तरी चालतं, उलट आंबायला जास्त वेळ मिळतो. पण उन्हाळ्यात ४ ला दळलेलं पीठ सकाळपर्यंत आंबट होईल. म्हणजे हेच काम हिवाळ्यात हलतं, उन्हाळ्यात हलत नाही. बेकरीवाल्यांनी ओव्हनचा असाच विचार करावा. नानकटाई दुपारी भाजून डब्यात राहते. केक ताजाच हवा असेल तर गिऱ्हाइकाची वेळ पाहा.

एक सावधगिरी. सगळं दिवसा आणायचं म्हणजे सगळं *एकदम* लावायचं नाही. मशीन, इस्त्री आणि पंप एकाच वेळी लावले तर वायरिंगवर ताण येतो, एमसीबी पडते. आठ तास आहेत, एकामागून एक लावा.

पायरी ४ : आता पैशात बोला

ताईंचा हिशेब जसा पाटीवर केला, तसाच देतो. सवलत ८० पैसे धरली आहे.

- मसाल्याची मशीन, २ एचपी म्हणजे साधारण दीड किलोवॅट. रोज २ तास, महिन्याचे २५ दिवस : ७५ युनिट
- इस्त्री : अंदाजे २० युनिट
- पाण्याचा पंप, अर्धा एचपी, रोज १ तास : ११ युनिट

एकूण १०६ युनिट. गुणिले ८० पैसे, म्हणजे महिन्याला ८४ रुपये ८० पैसे. वर्षाला साधारण एक हजार रुपये.

काही जण म्हणतील, "एवढंच?" हो, एवढंच. मी तुम्हाला "बिल अर्धं करा" असली स्वप्नं विकत नाही. पण हे हजार रुपये काही न गुंतवता, नुसती वेळ बदलून मिळतात. आणि ताईंना खरा फायदा झाला तो रात्रीची झोप परत मिळण्याचा. दिवसभर थकून रात्री बाराला मशीनसमोर उभं राहणं हे हातासाठीही धोक्याचंच होतं.

आता याच आकड्याची दुसरी बाजू पाहा. ताई महिन्याला २०० किलो मसाला करतात. मशीनच्या ७५ युनिटवर वाचले ६० रुपये, म्हणजे किलोमागे ३० पैसे. यातून दोन गोष्टी शिकायच्या.

एक, ३० पैसे वाचले म्हणून विक्रीचा भाव कमी करू नका.

दोन, संध्याकाळी ७ ला कोणी ५ किलो तिखट मागितलं तर "आता महाग वीज आहे, उद्या या" म्हणू नका. ५ किलोला जेमतेम दोन युनिट लागतात. सवलत हुकते ती दीड रुपयाची. दीड रुपयासाठी गिऱ्हाईक परत पाठवणं म्हणजे धंदा कळला नाही. सवलतीच्या वेळेत रोजचं काम ठेवा, पण धंदा घड्याळाला बांधून घेऊ नका. शिवाय घरगुती दरात ही सवलत आहे, संध्याकाळी वेगळा दंड नाही.

पायरी ५ : खरा आकडा ८० पैसे नाही, ३०० युनिट

हा भाग नीट वाचा. व्हिडिओत बरेच जण इथे पोहोचायच्या आधीच बंद करतात.

घरगुती दराचे टप्पे असतात : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. टप्पा ओलांडला की पुढच्या प्रत्येक युनिटचा दर रुपयांत वाढतो, पैशांत नाही. आणि वेळ बदलल्याने युनिट कमी होत नाहीत. रात्रीचे ७५ युनिट दिवसा आणले तरी ते ७५ च राहतात.

घरून धंदा करणाऱ्यांसाठी ३०० चा आकडा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दर मिळण्याची सोय वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात आहे. पण अट अशी की, वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असावा. वर्षाचा वापर आर्थिक वर्ष संपल्यावर तपासला जातो. मर्यादा ओलांडली तर पुढे घरगुती दर राहत नाही. दुकानाला व्यावसायिक वर्ग लागतो, पिठाची किंवा मसाल्याची गिरणी औद्योगिक वर्गात मोडते.

आता ताईंचं वर्ष पाहा. घराचे १५० आणि मशीनचे ७५, एकूण २२५ युनिट. आठ-नऊ महिने काही अडचण नाही. पण एप्रिल-मे आला की दोन कूलर लागतात. प्रत्येकी २०० वॅट, रोज १२ तास, म्हणजे दोघांचे महिन्याला १४४ युनिट. बेरीज झाली ३६९! आणि मिरची-मसाल्याचा हंगाम नेमका तोच. भिवापुरी मिरची घेऊन बायका दारात उभ्या असतात, तेव्हाच मीटरही धावत असतो.

यावर उपाय काय?

१. मार्चमध्येच हळद, धणेपूड यांसारखा टिकणारा माल दळून ठेवा. हंगामात मशीन फक्त तिखट-मसाल्याला राहू द्या.

२. युनिट खरोखर कमी करणाऱ्या गोष्टी करा. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. कूलरची गवताची पॅड हंगामाआधी बदला, म्हणजे कमी वेळ चालवून तेवढाच गारवा मिळतो.

३. धंदा वाढतच असेल आणि ३०० ओलांडणं नेहमीचं होणार असेल, तर घाबरू नका, लपवूही नका. आधीच महावितरणच्या कार्यालयात जाऊन व्यवसायासाठी वेगळी जोडणी घेतली तर काय दर पडेल ते विचारा. तिथे वेळेनुसार दर लागू असतील तर संध्याकाळचा जादा आकार आहे का, तेही विचारा. तो खर्च भावात धरा. वाढलेल्या धंद्याला त्याचा खर्च पेलता आलाच पाहिजे. पेलत नसेल तर गडबड विजेत नाही, तुमच्या भावात आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

- ताजं बिल काढा : मीटर टीओडी आहे का, ९ ते ५ चे युनिट किती?
- सात दिवस दोन वेळा रीडिंग लिहा.
- तीन याद्या करा आणि *एकच* हलणारं काम ९ ते ५ मध्ये आणा.
- मागच्या १२ बिलांचे युनिट जोडा. बेरीज ३,६०० च्या किती जवळ आहे?

ताईंचा परवा पुन्हा फोन आला. मशीन आता सकाळी साडेदहाला लागते, मुलं शाळेत गेल्यावर. म्हणाल्या, "सर, आता बिल मीच भरते."

मला वाटतं, या धड्यातली सगळ्यात मोठी कमाई तीच.

पुढच्या भागात पाहू : एक किलो मसाल्याची खरी किंमत कशी काढायची, ज्यात वीज, पाकीट आणि *तुमची मजुरी* तिन्ही येतात. तोवर वही जवळ ठेवा!