दोन काठ्यांचा आधार

नेमबाजी ही केवळ डोळ्याची विद्या आहे, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु डोळा कितीही तीक्ष्ण असला, तरी श्वासाबरोबर छाती हलते, नाडीच्या ठोक्यानें हात हलतो आणि हाताबरोबर बंदुकीची नळीही हलते. हा कंप पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटतो. गणित मात्र त्याची गय करीत नाहीं. नळी एका अंशाच्या साठाव्या भागानें चळली, तर १०० यार्डांवर गोळी सुमारें १ इंच आणि ५०० यार्डांवर सुमारें ५ इंच बाजूस जाते. हा दोष घालविण्याचा एक अत्यंत साधा उपाय अमेरिकेंतील शिकारी इ. स. १८७० नंतरच्या दशकांत योजीत असत. त्याचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

त्या काळच्या बंदुकींत काळी दारू वापरीत. तींत सोरा सुमारें ७५ भाग, कोळसा १५ भाग व गंधक १० भाग असे. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक अंश घनरूपानें उरतो. बाहेरचा दाट पांढरा धूर व नळींतील काजळी हीं त्याचींच दोन रूपें होत. आधुनिक बिनधुराच्या दारूपेक्षां तिचा जोर कमी. म्हणून शिशाची जड गोळी सेकंदास सुमारें १३०० ते १४०० फूट वेगानें निघे. मंद गोळीस नळींतून बाहेर पडण्यास अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळांत नळी हलली कीं नेम चुकतो. शिवाय त्या शिकाऱ्यांच्या आवडत्या ‘शार्प्स’ रायफलींपैकीं कित्येक १२ पौंडांहून जड असत. असें ओझें हातांवर फार वेळ तोलून धरणें कठीणच.

यासाठीं ते सुमारें तीन-चार फूट लांबीच्या दोन मजबूत काठ्या घेत, आणि वरच्या टोकांपासून कांहीं इंच खालीं त्या चामड्याच्या वादीनें किंवा खिळ्यानें कातरीसारख्या जोडीत. खालचीं अणकुचीदार टोकें फांकवून जमिनींत रोंवलीं, म्हणजे वर बेचकें तयार होई. शिकारी मागें बसून दस्ता खांद्याशीं धरी व रायफलीचा पुढचा भाग बेचक्यांत ठेवी.

येथें भूमिति शिकलेल्या वाचकांस एक शंका येईल. दोन पायांवर कोणतीही वस्तु उभी राहत नाहीं; मग या काठ्या कशा राहतात? याचें उत्तर असें कीं, तिसरा पाय स्वतः नेमबाज असतो. एका रेषेंत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच पातळी जाते. म्हणून तिवई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाहीं. दोन काठ्या आणि बसलेल्या माणसाचें शरीर मिळून अशीच एक तिवई बनते.

मात्र एक पथ्य पाळावें लागतें. गोळी नळींत असतांनाच रायफल मागें सरूं लागते. म्हणून ती प्रत्येक वेळीं बेचक्यांत एकाच जागीं टेकवावी. जागा बदलली तर गोळीची जागाही बदलते. शिवाय काठ्या फक्त कंप घालवितात. अंतराचा अदमास त्या करीत नाहींत. ३०० यार्ड जाण्यास अशा गोळीस सुमारें पाऊण सेकंद लागतो, आणि तेवढ्यांत पृथ्वीच्या आकर्षणानें ती सुमारें ९ फूट खालीं येते. तेव्हां अंतर ओळखून नळी किती उंचवावी आणि वाऱ्याचा परिणाम किती धरावा, हें ज्याचें त्यानेंच ठरविलें पाहिजे.

एका गोळींत जनावर पडावें, जखमी होऊन तडफडत राहूं नये, या दृष्टीनें हा आधार दयेचाही म्हणतां येईल. परंतु इतिहास निराळें सांगतो. अमेरिकेच्या गवताळ मैदानांत बायसन नांवाच्या, आपल्याकडील गव्याच्या दूरच्या नात्यांतील, रानबैलांचे प्रचंड कळप चरत असत. वारा कळपाकडून आपणांकडे येईल अशा जागीं शिकारी काठ्या रोंवून बसत आणि एकामागून एक जनावर पाडीत. कातडें तेवढें विकावयास नेत. मांस बहुधा तेथेंच कुजे. विल्यम हॉर्नाडे या प्राणिशास्त्रज्ञानें १८८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या गणनेप्रमाणें साऱ्या उत्तर अमेरिकेंत अवघे १०९१ बायसन उरले होते. ज्या मूळ रहिवाशांचें अन्न, वस्त्र आणि तंबू हीं सारीं त्या पशूंवर अवलंबून होतीं, त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली. पुढें रक्षणाचे प्रयत्न झाले, म्हणूनच ती जात आज जिवंत आहे.

आज त्याच देशांत काळ्या दारूच्या रायफलींचे सामने होतात. कोंबडी, डुक्कर, टर्की व मेंढा यांच्या पोलादी आकृति अनुक्रमें २००, ३००, ३८५ व ५०० मीटरांवर मांडतात. पहिली आकृति उभ्यानें, निराधार हातांनीं पाडावयाची असते. पुढील तिहींस काठ्यांची मुभा असते. काठ्या त्याच, दारू तीच. बदललें आहे तें लक्ष्य. हात स्थिर कसा करावा हें दोन काठ्या शिकवितात. नेम कशावर धरावा हें मात्र प्रत्येकाच्या विवेकानेंच ठरविलें पाहिजे. कोणतीही विद्या संपादन करतांना आमच्या विद्यार्थी-बंधुभगिनींनीं हा भेद ध्यानांत ठेवावा.