आईचा कर्करोग लेकीला होतो का?

"डॉक्टर, आईला स्तनाचा कर्करोग झाला होता, आता मावशीलाही निघाला. मग मलाही होणार का?" हा प्रश्न दवाखान्यात बायका मला दबक्या आवाजात विचारतात, तोही बहुधा लेकीच्या लग्नाची बोलणी चालू असताना.

कर्करोगाकडे नेणारे एखादे जनुक पिढ्यान्‌पिढ्या उतरत असेल, हे पूर्वी अनेक शास्त्रज्ञांना पटत नव्हते. अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग यांनी मात्र चिकाटी सोडली नाही. त्यांनी २३ कुटुंबांतील ३२९ नातेवाइकांचा अभ्यास केला. त्यांत या रोगाचे १४६ रुग्ण होते. सगळी कुटुंबे एकत्र पाहिली, तेव्हा सूत्र लागेना. मग रोग कोणत्या वयात झाला त्या क्रमाने कुटुंबे लावली, आणि लहान वयात रोग झालेल्या कुटुंबांत सतराव्या गुणसूत्राच्या एका भागाशी रोगाचे नाते दिसले! हे १९९० साली. मला हा सारा प्रकार पोलिसी तपासासारखा वाटतो. १९९४ मध्ये मार्क स्कोल्निक यांच्या गटाने ते जनुक नेमके हुडकले. त्याचे नाव बीआरसीए-१. १९९५ मध्ये इंग्लंडमधील मायकेल स्ट्रॅटन यांच्या गटाने तेराव्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-२ शोधले.

ही जनुके तुमच्याआमच्या सर्वांत असतात. पेशीतील डीएनएचा धागा तुटला की तो सांधणे हे त्यांचे काम. जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असेल आणि एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, तर दुरुस्ती थांबते, चुका साचत जातात आणि गाठ धरते. असे सदोष जनुक असलेल्या शंभर स्त्रियांपैकी साठ-सत्तर जणींना ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

हे जनुक बापाकडूनही येते. म्हणून मी आई-मावशीबरोबर आत्या आणि वडिलांची आई यांचीही चौकशी करतो. मूल मुलगा असो वा मुलगी, ते उतरण्याची शक्यता निम्मी. तरीही स्तनाच्या शंभर कर्करोगांपैकी पाच ते दहाच असे आनुवंशिक असतात. घराण्यात कुणालाच नाही म्हणून गाठ अंगावर काढू नये.

तपासणी रक्ताची असते. ती शक्यतो आधी रुग्ण असलेल्या नातेवाइकाची करावी. तिच्यात दोष सापडला तर इतरांची तपासणी सोपी होते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात त्यासाठी सल्ला मिळतो. जाताना तीन पिढ्यांत कुणाला, कोणता कर्करोग, कितव्या वर्षी झाला, ते कागदावर लिहून न्यावे.