गाठ बाटलीत जावी, बादलीत नाही

खांद्यामागची चरबीची गाठ काढणं हे अर्ध्या तासाचं काम, असं तंजावरच्या एका छोट्या दवाखान्यात मला सांगण्यात आलं. वेळेपुरतं ते खरंही होतं. जागा बधिर केली, गाठ काढली, टाके घातले. संध्याकाळी मी मेलवीदीतल्या घरी परतलो. रात्री जखमेखाली टणक फुगवटा आला आणि पट्टी रक्तानं भिजली. हृदयासाठी मी रोज ॲस्पिरिन घेतो. शस्त्रक्रियेआधी चालू औषधांबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी मोठ्या रुग्णालयात टाके उसवून साकळलेलं रक्त काढावं लागलं. तिथल्या सर्जननी विचारलं, "बायॉप्सीचा रिपोर्ट कुठाय?" रिपोर्ट नव्हताच. गाठ तपासणीला न जाता कचऱ्याच्या बादलीत गेली होती.

दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) याच गावात नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह करवून घेत. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या आजही आहेत. माझ्या हाती मात्र फक्त बिल आलं. जखम भरली, पण गाठ नेमकी कसली होती हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

म्हणून हे अनुभवाचे बोल. लायपोमा (चरबीची गाठ), इथल्या तमिळ बोलीत कोळुप्पु कट्टी, बहुतेकदा निरुपद्रवी असतो. मऊ, बोटाखाली सरकणारी, न दुखणारी, वर्षानुवर्षं तेवढीच राहिलेली गाठ काढलीच पाहिजे असं नाही. पण ती पाच सेंटिमीटरहून मोठी, कडक, भराभर वाढणारी किंवा खोल स्नायूत असेल, तर आधी सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे एमआरआय करून घ्या. क्वचित अशी गाठ लायपोसार्कोमा, म्हणजे कर्करोग निघते आणि मग शस्त्रक्रियेचा बेतच बदलतो. मानेच्या बाजूची गाठ काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला इजा होऊ शकते. लहान मुलाच्या कमरेवर, पाठीच्या मधोमध असलेली गाठ मज्जारज्जूशी जोडलेली असू शकते. एमआरआयशिवाय तिला कुणाला हात लावू देऊ नका.

रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेह, भुलीच्या औषधाची ॲलर्जी, सगळं आधी आपणहून सांगा. ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील. गाठीचं आवरण आत राहिलं तर ती पुन्हा येऊ शकते, तेव्हा अनुभवी सर्जन पाहा. नंतर सूज वाढली, ताप आला, पू दिसला किंवा हात बधिर वाटला, तर टाके काढायच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाठ 'जाळणारे' लेप नकोतच.

आणि टेबलावर आडवं होण्याआधी एवढं विचाराच: काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवणार ना? "काय गरज?" असं उत्तर आलं, तर दुसरा सर्जन शोधा.