आउटबोर्ड इंजिनाची उंची व प्रवासातील आधार

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

हुबळी-धारवाडला समुद्र नाही. मग वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने होडीच्या इंजिनावर का लिहावे, असे वाचकांना वाटेल. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा यांना महापूर आला, तेव्हा आपल्या भागात इंजिनाच्या होड्या बाहेरून आणाव्या लागल्या. रबरी होडी हवा काढून, इंजिन वेगळे ठेवून नेता येते. फायबरच्या होडीला ती सोय नाही. ती ट्रेलरवरून येते. पाण्यात उतरताच तिचे इंजिन चालले नाही, तर ती आली काय नि न आली काय!

दुसरे कारण घरचे आहे. कारवारच्या माझ्या मामांनी कर्ज काढून मालवणहून एक जुनी होडी घेतली. इंजिन वर उचलून, त्याच्याच खटक्यावर अडकवून, त्यांनी ती रात्रभर ट्रेलरवरून आणली. सकाळी पाहतात तो मागच्या फळीला, जिच्यावर इंजिन बसवतात तिला, आडवी चीर! तो मोसम दुरुस्तीत गेला. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

प्रथम उंचीचा विचार करू. आउटबोर्ड इंजिन सर्वसाधारणपणे १५, २० व २५ इंच उंचीच्या फळीसाठी मिळते. म्हणून खरेदीपूर्वी फळी मोजावी. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. होडीच्या तळाला लांब, सरळ फळकूट लावून ते मागे न्यावे व इंजिन उभे धरावे. ही पट्टी तळाच्या पातळीत आली, की सुरुवातीची उंची बरोबर समजावी. पुढचा निर्णय पाण्यात होतो. इंजिन फार खाली असल्यास पाण्याचा रोध वाढतो, तेल जास्त जळते व उथळ पाण्यात पंखा खडकाला लागतो. फार वर असल्यास पंखा हवा ओढतो. इंजिन नुसते ओरडते, होडी पुढे सरकत नाही. थंड करणारे पाणी आत न गेल्यास इंजिन तापून जाम होते. म्हणून बाजूने पडणारी पाण्याची बारीक धार चालू आहे ना, हे नेहमी पाहावे. उंची बदलायची झाल्यास थोडीथोडी बदलावी व दर वेळी नेहमीचा भार घेऊनच चाचणी करावी.

आता रस्त्याचा प्रवास. भरलेली घागर कमरेवर सहज पेलते. तीच हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो. वर उचललेल्या इंजिनाचे तसेच आहे. त्याचा पाय मागे लोंबतो आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका फळीवर येतो. इंजिनावरचा खटका होडी किनाऱ्यावर उभी असताना वापरण्यासाठी आहे, रस्त्यासाठी नव्हे. यावर तीन उपाय आहेत. (१) इंजिन लहान असेल तर काढून वेगळे न्यावे. (२) जमिनीपासून पुरेसे अंतर राहत असेल तर ते उभेच ठेवावे. (३) अंतर कमी पडत असेल तर इंजिन उचलून, त्याचा पाय व ट्रेलरची चौकट यांच्यामध्ये टेकूची दांडी बसवून पट्ट्याने आवळावी. मात्र होडीचा मागचा भागही ट्रेलरला घट्ट बांधावा. होडी उसळत राहिली, तर टेकूच तिला धक्के देतो. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून सर्व पट्टे व स्क्रू पुन्हा तपासावेत.

हिशेबशास्त्रात आपण घसारा वर्षावर्षाने लिहितो. मामांच्या होडीचा घसारा एका रात्रीत झाला, तोही ती एक मासा न धरता. एक दांडी आणि दोन पट्टे यांचा खर्च त्या मोसमाच्या नुकसानीपुढे काहीच नव्हता. आणि होडी जर पुरात अडकलेल्यांसाठी निघालेली असेल, तर त्या नुकसानीची नोंद कोणत्या खात्यावर करणार?