श्रोत्यांची ओळख

भाषणाची तयारी म्हणजे पुष्कळ मजकूर पाठ करणे, अशी अनेक विद्यार्थ्यांची समजूत असते. वास्तविक ‘मी काय बोलू?’ या प्रश्नाआधी ‘माझे श्रोते कोण आहेत?’ हा प्रश्न वक्त्याने स्वतःस विचारावयास हवा. गाडगे महाराजांच्या कीर्तनांवरून ही गोष्ट उत्तम रीतीने ध्यानात येते.

महाराजांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यात झाला. त्यांना शाळेचे शिक्षण लाभले नव्हते; परंतु श्रोत्यांचे जीवन त्यांना पुरते ठाऊक होते. दारूने घराची धूळधाण कशी होते, सावकारी कर्जाचा फास कसा आवळतो, हे त्यांनी आपल्याच आप्तांत पाहिले होते. गावात येताच ते हाती खराटा घेऊन रस्ते झाडीत. गाव झाडणाऱ्यास गाव जवळून दिसते. मग रात्री कीर्तन होई.

कीर्तनात ते सोप्या वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत व त्यांच्या तोंडून उत्तरे वदवून घेत. ऋण काढून सण करावा काय, मुक्या जनावराचा बळी देवास आवडेल काय, असे त्यांचे विषय असत. हेच विचार एखाद्या पंडिताने संस्कृतप्रचुर भाषेत मांडले असते, तर ते खोटे ठरले नसते. पण श्रोत्यांपर्यंत पोहोचलेही नसते.

श्रोत्यांस ओळखणे म्हणजे मात्र त्यांच्या मनासारखे बोलणे नव्हे. महाराज व्यसनी माणसास त्याचे व्यसन तोंडावर सांगत. त्यांचे शब्द कठोर असत, तरी लोक उठून जात नसत. कारण बोलणारा आपल्या हितासाठीच झिजत आहे, हे त्यांस दिसत होते. १९५६ साली महाराजांचे निधन झाले. त्यांच्या कीर्तनाची ही रीत आजही अनुकरणीय आहे.

समजा, ‘पाण्याची स्वच्छता’ या विषयावर बोलावयाचे आहे. समोर पहिलीची मुले असतील, तर हात धुऊन दाखवावेत. समोर गावकरी असतील, तर विहिरीत घाण कोठून येते व ती कशी रोखावी, हे सांगावे. विषय एकच, पण मांडणी निराळी. म्हणून भाषण लिहिण्यापूर्वी तीन गोष्टींचा विचार करावा : श्रोत्यांस आधी काय ठाऊक आहे? त्यांची अडचण कोणती? ऐकून झाल्यावर त्यांनी काय करावे?

स्वाध्याय

१. ‘गाव झाडणाऱ्यास गाव जवळून दिसते’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
२. कठोर शब्द ऐकूनही श्रोते उठून का जात नसत?
३. ‘वृक्षांचे महत्त्व’ या विषयावर लहान मुलांसाठी व शेतकऱ्यांसाठी पाच-पाच वाक्ये लिहा.